घशात पाहा

किर्कहोपच्या ओढ्याला जुलैत पिवळं फुटतं.
लांबून एकच पिवळं.
मेंढ्यांना एकच, लाकडं नेणाऱ्या लॉरीवाल्याला एकच,
पहिल्या दिवशी मलाही.

युफेमिया टेलफर गुडघ्यांखाली
खताची रिकामी पिशवी अंथरून बसली
आणि म्हणाली, तोंडावर जाऊ नकोस.
घशात पाहा.

एकतीस वर्षं तिने या खोऱ्यात टपाल वाटलं.
शिशाच्या खाणी मिटल्या तरी गावात तीन रॉबर्ट वीअर होते,
तिघं चुलत, तिघांचं नाक सारखं.
पाकिटावर घराचं नाव नसलं
तर ती अक्षराचं वळण बघायची,
तिकीट तिरकं लावलंय का ते बघायची.
एकदाच चुकलं. ते ती सांगत नाही.

हे माकडफूल, बघ.
खालच्या ओठावर दोन उंचवटे, घसा जवळजवळ बंद,
आत बारीक लाल ठिपके, टाक झटकल्यासारखे.
भुंग्याला खांदा लावून शिरावं लागतं.
याचं घराणं अमेरिकेच्या वरच्या अंगाचं.

आणि ही रक्तथेंबी, चिलीकडची.
हिचा घसा सताड उघडा,
ओठाच्या मधोमध एकच मोठा डाग,
पोराचा घोळणा फुटून सदऱ्यावर पडावा तसा.

दोघं कुणा जमीनदाराच्या तळ्याकाठी शोभेला आणलेली.
कुंपणाखालून निसटली, पाणी धरून चालत राहिली
आणि इथे, या गार ओढ्यावर,
जन्मात न भेटणारी भेटली.

तिसरं त्यांचं पोर.
डाग इकडचे, उंचवटे तिकडचे, देखणं दोघांहून.
पण ते बाहीवर घास.
(टपालखात्याचा जुना निळा कोट, कोपरावर ठिगळ.)
घासलं. काही नाही.
पूड नाही, बी नाही.
पुरात फांदी मोडते, खाली कुठे अडकते,
तिथे मूळ धरते. एवढाच त्याचा वंश.

अकरा दिवस आम्ही असं मोजत गेलो.
मी वहीत खुणा केल्या. पोर, पोर, रक्तथेंबी, पोर.
डास म्हणावेत इतकेही मोठे नसलेले डास
कानामागे चावत राहिले.

बाराव्या दिवशी शिसं वितळवायच्या पडक्या भट्टीखाली
तसंच तोंड. डाग तसे, उंचवटे तसे.
मी 'पोर' लिहून पुढे निघाले होते.
युफेमियाने सवयीने घासलं.

बाही पिवळी झाली.

तिने दुसरं फूल घासलं. मग तिसरं, दुसऱ्या झुडपावरचं.
मग सुकलेली एक बोंडी नखाने फोडली,
तळहातावर तपकिरी बी, मिठाहून बारीक,
आणि वाऱ्याकडे पाठ केली.

मी खोडरबर काढला.
खोडू नकोस, ती म्हणाली. शेजारी लिही.
काय लिहू?
ती भट्टीच्या दगडांकडे बघत राहिली.
फाटकावर नाव नाही, म्हणाली, पण आत दिवा आहे.
तेवढं लिही.

निघण्याआधी तिने गवताची काडी घेतली
आणि फुलाच्या घशात, कुक्षीला, हळूच लावली.
दोन पातळ ओठ मिटले. माझ्या डोळ्यांदेखत,
बोलता बोलता काही आठवून गप्प व्हावं तसे.
थांब, म्हणाली.
आम्ही थर्मासमधला कडू चहा संपवला.
ओठ पुन्हा उघडले.
काडीवर काही नव्हतं, त्याला कळलं, ती म्हणाली.

मग तिने बाही पुढे केली,
पिवळी कड त्याच जागी टेकवली.
मिटलं.

आम्ही बराच वेळ बसलो.
मेंढ्या येऊन गेल्या, खालच्या वळणावर लॉरी गेली,
समोरच्या टेकडीवरचं ऊन उतरलं.
ते उघडलं नाही.